सदतीस सेकंद

३ डिसेंबर, बुधवार

ही वही दीपकने आणून दिली. म्हणाला, दिवसभर मशीनशी बोलतेस, घरी येईपर्यंत नवऱ्यासाठी शब्द उरत नाहीत, निदान कागदाशी तरी बोल. टोमणा होता, पण वहीचा कागद जाड आहे, म्हणून लिहायला बसले. कामाची नोंदवही ऑफिसात असते. तिच्यात मी कोणाला नावं ठेवत नाही, इथे ठेवीन.

अंबड एमआयडीसीत एका पावडर कोटिंगच्या शेडवर आमचं ऑफिस आहे. मालक सुयश, माझ्यापेक्षा बारा वर्षांनी लहान आणि सगळ्या जगाला 'होऊन जाईल' असं सांगणारा. होतं ते माझ्या हातून. सध्या आम्ही वीज कंपनीसाठी दिंडोरीच्या पुढे एका गावात, द्राक्षबागांच्या लाइनवर एक यंत्रणा बसवतो आहोत. वायरमन लाइन बंद करून खांबावर चढतो. तेवढ्यात एखादा बागाईतदार स्वतःचा जनरेटर सुरू करतो, आणि त्याच्याकडे लाइन आणि जनरेटर वेगळे ठेवणारा चेंजओव्हर स्विच नसला तर तो करंट उलटा डीपीतून, म्हणजे तिथल्या ट्रान्सफॉर्मरमधून, लाइनवर चढतो. बंद म्हणून हातात धरलेली तार जिवंत होते. त्या भागात असे दोघं गेले आहेत.

आमच्या तीन पेट्या तीन डीपींवर बसल्या आहेत. उलटा करंट दिसला की पेटी उपकेंद्रातल्या मशीनला पॅकेट, म्हणजे छोटासा निरोप, पाठवते आणि मशीन वायरमनच्या खिशातला बझर वाजवतं. इथपर्यंत चालतं. चालत नाही ते पुढचं, की करंट कोणत्या बागेतून आला. ते कळायला तिन्ही पेट्यांना तो कोणत्या क्षणी दिसला यातला फरक बघावा लागतो, आणि तो फरक सेकंदाच्या दहा लाखाव्या भागात असतो. आत्तापर्यंत पॅकेटवर वेळेचा शिक्का पेटीतला प्रोग्रॅम मारायचा, त्याला सवड होईल तेव्हा. टपाल टेबलावर पडून असावं आणि कारकुनाने चहा पिऊन आल्यावर शिक्का उमटवावा, तसं. आता शिक्का नेटवर्क कार्डानेच मारायचा, पॅकेट तारेवर निघताक्षणी. कार्डाला ते येतं. ड्रायव्हरला, म्हणजे कार्ड आणि मशीन यांच्यातल्या दुभाषाला, ते कार्डाकडून करून घेता येत नाही. ते त्याला शिकवायचं, हे माझं काम. बावीस तारखेला कंपनीचे साहेब तपासायला येणार आहेत. सुयशने त्यांनाही होऊन जाईल असंच सांगितलंय.

६ डिसेंबर, शनिवार

ड्रायव्हर शिकला. कार्डाने स्वतः मारलेला पहिला शिक्का पडद्यावर आला तेव्हा मी नाचायचीच बाकी होते. खालच्या शेडमधले लोक वर बघतात म्हणून बसून राहिले.

एक बारीकशी गंमत झाली, लिहून ठेवते. टेबलावर चाचणीसाठी एक पेटी मांडली आहे. तिला लाल बटण लावलंय, दाबलं की खोटा करंट, मग पॅकेट, मग बझर. मी वीस वेळा दाबलं आणि नोंदी एकवीस झाल्या. एकविसावा बझर वाजला तेव्हा माझे दोन्ही हात चहाच्या कपाभोवती होते. सोल्डर सुटलं असेल म्हणून पेटी उलटी करून बघत होते, तेवढ्यात अर्ध्या मिनिटाने सुयश आत आला आणि 'हेच का ते?' म्हणत त्याने बटण दाबलं. बझर वाजला नाही. नोंदी एकवीसच राहिल्या. म्हणजे एक फुकटची आली आणि एक हरवली, बेरीज बरोबर. सोमवारी सोल्डर बघायचं.

१० डिसेंबर, बुधवार

आज गावात जाऊन तिन्ही पेट्यांत नवा ड्रायव्हर घातला. थंडी भयंकर आहे. बागांत शेकोट्या पेटवलेल्या होत्या आणि धूर वेलींच्या खालून जमिनीलगत सरकत होता, वर जातच नव्हता. थंडीने मणी तडकू नयेत म्हणून लोक पहाटे पाणी सोडतात. म्हणजे मोटारी, म्हणजे जनरेटर, म्हणजे आमची पेटी.

तिथले सीनियर वायरमन कोंडाजी. चोपन्न वर्षांचे, काटकुळे, कानटोपीवरून हेल्मेट घालतात. खांबावर चढतानाही त्यांचं बोलणं थांबत नाही. सकाळी मी मॅडम होते, दुपारी भाकरी खाताना ताई झाले. भाकरी नवसाबाईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, माझ्यासाठी म्हणून तीन जास्त बांधून दिल्या होत्या. मी शहरातली, खाईन की नाही, अशी त्यांना शंका होती. तिन्ही खाल्ल्या.

एक बोलायचं राहून गेलं. बंद लाइनवर काम सुरू करण्याआधी अर्थिंगची साखळी टाकायची असते, म्हणजे उलटा करंट आलाच तर तो जमिनीत जावा. तिसऱ्या डीपीवर कोंडाजीभाऊंनी ती टाकली नाही. विचारलं तर खिशातल्या बझरवर थोपटून म्हणाले, हा हाय ना आता. बझर हा साखळीच्या जागी नाही, हे त्यांना बसवून सांगायला हवं. सांगणार होते, तेवढ्यात सुयशचा फोन आला.

१३ डिसेंबर, शनिवार

नवा घोळ. तीन दिवसांत पाच वेळा उलटा करंट आला, पाचही पॅकेटं नीट पोचली. पण पॅकेट ज्या वेळी उपकेंद्रात पोचलं, त्याच्या पुढची वेळ त्याच्या शिक्क्यात आहे. बरोबर सदतीस सेकंद पुढची. पाचही वेळा सदतीस, कमी नाही जास्त नाही. शिक्क्यांवर विश्वास ठेवायचा तर पॅकेट आधी पोचलं आणि मग निघालं.

मग आकडा नीट बघितला आणि हसायला आलं. सदतीस! हा आकडा आमच्या धंद्यात सगळ्यांना माहीत असतो. पृथ्वी थोडी रेंगाळत फिरते, म्हणून आपल्या घड्याळांत अधूनमधून एक सेकंद वाढवत आले आहेत. अणुघड्याळं तसं करत नाहीत, ती आपल्या सदतीस सेकंद पुढे चालतात. अशा कार्डांना अणुघड्याळाची वेळ ठेवायची सवय असते. म्हणजे भूत नाही, वजाबाकी आहे. ड्रायव्हरमध्ये सदतीस वजा करणारी एक ओळ टाकली. दीपकला हे सगळं हौसेने सांगितलं. तो म्हणाला, मग खरी वेळ कोणती? असले प्रश्न विचारतो म्हणून मी त्याच्याशी कामाचं बोलत नाही.

१५ डिसेंबर, सोमवार

कोंडाजीभाऊंचा फोन आला. शब्द जसेच्या तसे लिहिते, कारण ऐकताना मला कसंतरी झालं.

"ताई, ती पेटी लय भारी केली तुम्ही. पैलं वाजायची तवा करंट आलेला आसायचा. आता आधी वाजती. मी हात काढतो, आरामात खाली उतरतो, उभा राहतो, मंग लाइनीत गुरगुर येती. काल दोनदा झालं."

मी त्यांना घड्याळाचं समजावलं. म्हटलं, भाऊ, तसं होऊ शकत नाही, करंट आल्यावरच पेटीला कळतं. आमच्या घड्याळात थोडी चूक आहे, ती दुरुस्त करतेय.

"ती नका दुरुस करू. घड्याळ पुढं आसल तर राहू द्या की. आमच्या घरातलं बी धा मिनिटं पुढं लावलेलं हाय, म्हणून तर एसटी गावती."

मला हसू आलं. आमच्याही स्वयंपाकघरातलं घड्याळ पुढे आहे, नाशकात कोणाचं नसतं. पण घड्याळ पुढे लावलं म्हणून एसटी लवकर येत नाही, हे त्यांना कसं सांगायचं? ते मात्र गंभीर होते. म्हणाले, काही बदल करणार आसाल तर आधी मला सांगा, एवढंच करा. मी शब्द दिला.

बिचारे. खांबावर इतकी वर्षं काढल्यावर माणसाला तारेची चाहूल आपोआप लागत असेल. श्रेय पेटीला देतात.

१७ डिसेंबर, बुधवार

वजाबाकी चुकीची निघाली. त्या लाइनवर कंपनीचा एक जुना मीटर आहे, तो करंटची स्वतःची वेगळी नोंद ठेवतो. त्याच्याशी ताडून बघितलं तर सदतीस वजा केल्यापासून आमचा शिक्का मीटरच्या सदतीस सेकंद मागे जातो. वजा केलं नाही तर तंतोतंत जुळतो. म्हणजे शिक्का मुळातच बरोबर होता. ओळ काढून टाकली.

मग गडबड कुठे आहे? पेटीला नुसती वेळ विचारली तर ती अगदी बरोबर सांगते, माझ्या मोबाइलशी जुळणारी. फक्त उलट्या करंटच्या पॅकेटवर सदतीस पुढे. कुठेतरी बेरीज होतेय, दोन दिवस शोधतेय, सापडत नाही.

दुपारी चार दहाला दुसऱ्या पेटीचं पॅकेट माझ्या पडद्यावर आलं. लगेच उपकेंद्रात कुंदनला, तिथल्या ऑपरेटरला, फोन लावला. विचारलं, मीटरवर करंट दिसतोय का? म्हणाला, नाही मॅडम, शून्य, खोटाच अलार्म, रोजचंच आहे तुमचं. मी त्याला मीटर पुसून बघ वगैरे सुनावत होते, तर त्याने मध्येच मला तोडलं. मग म्हणाला, आला, आत्ता आला. आवाज बदललेला होता. मी फोनवरची वेळ बघितली, आमचं बोलणं सुरू होऊन अर्धं मिनिट झालं होतं.

मीटर म्हातारा आहे, उशिरा दाखवत असेल. पण मग शिक्का त्याच मीटरशी जुळतो कसा? दोन यंत्रं एकसारखीच चुकू शकतात. आज डोकं चालत नाही.

१९ डिसेंबर, शुक्रवार

सुयश कधी नव्हे तो चिडला. कुंदनने साहेबांना अहवाल पाठवलाय: नऊ दिवसांत चौदा खोटे अलार्म. त्याच्या दृष्टीने बरोबरच आहे. बझर वाजतो, तो मीटर बघतो, मीटर शून्य, तो 'खोटा' लिहून अलार्म बंद करतो. मग करंट येतो आणि त्या वेळी अलार्म नसतो. चौदा खोटे आणि चौदा चुकलेले, असं दोन्हीकडून आम्हीच मार खातो. सोमवारी हेच दिसलं तर काम जाईल, आणि काम गेलं तर ऑफिसही चालणार नाही, हे सुयशने सांगायची गरज नव्हती.

बसून शांतपणे विचार केला. शिक्का बरोबर, मीटर बरोबर. लवकर येतं ते फक्त पॅकेट. नेटवर्कमध्ये पॅकेट उशिरा येतं, हरवतं, दोनदा येतं. लवकर येत नाही. लवकर आलेलं पॅकेट ही चूकच, ती कुठे होते ते नंतर शोधता येईल. तोवर उपाय सोपा आहे. उपकेंद्रातल्या मशीनचा ड्रायव्हरही माझाच आहे. त्याला सांगितलं, पॅकेट आलं की शिक्का बघ, शिक्क्याची वेळ अजून व्हायची असेल तर पॅकेट धरून ठेव, वेळ झाली की सोड. अकरा ओळी. संध्याकाळी चारच्या सुमाराला एक करंट आला. बझर आणि मीटर एकाच क्षणी! सुयशने खालून वडापाव मागवले.

कोंडाजीभाऊंना सांगायचं आहे. फोन लागला नाही. मेहुण्याच्या मुलीच्या लग्नाला हरसूलला गेलेत म्हणे, तिथे रेंज नसते.

२२ डिसेंबर, सोमवार

तपासणी झाली. साहेबांनी एका बागाईतदाराला मुद्दाम जनरेटर चालू करायला लावला. पेट्यांनी बाग ओळखली, बझर आणि करंट यांच्यात फरक शून्य. साहेब म्हणाले, असं काम नाशकात होतं हे मुंबईला सांगायला पाहिजे. आणखी चाळीस पेट्यांचं बोलणं सुरू आहे. खरं सांगायचं तर मला फार आनंद झाला. बावीस वर्षं दुसऱ्यांचे ड्रायव्हर दुरुस्त करण्यात गेली, हा पहिला माझा.

परतताना दिंडोरीत थांबून सगळ्यांसाठी पेढे घेतले. कोंडाजीभाऊ रजेवरच होते. त्यांच्या वाटचे कुंदनकडे ठेवले.

२७ डिसेंबर, शनिवार

चाळीस पेट्यांच्या कागदपत्रांत आठवडा गेला. कोंडाजीभाऊंचा काल मिस कॉल होता, पेढ्यांसाठी असेल. उद्या रविवार, परवा नक्की करते.

३१ डिसेंबर, बुधवार

कोंडाजीभाऊ गेले.

सकाळी पावणेबाराला, तिसऱ्या डीपीपाशी. लाइन बंद होती, परमिट घेतलेलं होतं. शेजारच्या बागेत जनरेटर सुरू झाला. कुंदनने फोन केला तेव्हा तो रडत होता. म्हणाला, मॅडम, बझर वाजला, मी इथून ऐकला वॉकीटॉकीवर, वाजला आणि तेव्हाच ते...

मला आज दुसरं काही लिहिता येत नाही.

२ जानेवारी, शुक्रवार

साखळी जीपमध्येच होती. हे सगळ्यांनी मला दोन-दोनदा सांगितलं, धीर द्यावा तसं. साखळी टाकली असती तर वाचले असते, नियम नियम असतो, तुमची पेटी तर बरोबर वाजली.

कंपनीला आमची नोंद हवी होती. मी ती काढली. करंट, अकरा बेचाळीस सेहेचाळीस. बझर, अकरा बेचाळीस सेहेचाळीस. कोणती बाग, कोणता खांब, सगळं आहे. चौकशीचे साहेब म्हणाले, इतका स्वच्छ पुरावा आम्ही कधी बघितला नाही. त्या बागाईतदाराला दुपारीच बोलावून घेतलं.

ही नोंद सगळ्यांना दिसते ती. माझ्या लॅपटॉपवर आणखी एक उतरते, ड्रायव्हर नीट चालतो का ते बघायला मीच ठेवलेली. तिच्यात एक रकाना जास्त आहे, पॅकेट कधी पोचलं. तो मी अजून उघडलेला नाही. मला त्यात काय असणार ते माहीत आहे आणि ते काही नसणार हेही माहीत आहे, कारण पॅकेट लवकर येत नसतं.

३ जानेवारी, शनिवार

उघडला.

पोचलं, अकरा बेचाळीस नऊ. सोडलं, अकरा बेचाळीस सेहेचाळीस.

मधल्या वेळात ते माझ्या अकरा ओळींमध्ये बसून होतं. त्या बागाईतदाराने चौकशीत सांगितलंय की तो पाणी बघायला म्हणून मोटारीच्या खोलीत शिरला, बटण दाबायच्या आधी बिडी पेटवली, काडी दोनदा विझली. म्हणजे पॅकेट पोचलं तेव्हा जनरेटर सुरू झालेला नव्हता. तो अजून काडी ओढत होता. करंट कुठेच नव्हता, पेटीला काय दिसलं?

मागच्या सगळ्या नोंदी काढून बसले. पेट्यांत नवा ड्रायव्हर गेल्यापासून सत्तावीस करंट, सत्तावीस वेळा सदतीस सेकंद आधी. पहिले चौदा वाजले. पुढचे तेरा मी धरून ठेवले आणि त्याला दुरुस्ती म्हटलं. टेबलावरची एकविसावी नोंदही आठवली. सुयश जिन्यात असेल तेव्हा.

५ जानेवारी, सोमवार

सुयशला तो रकाना दाखवला. त्याने दोन्ही वेळांची वजाबाकी स्वतः करून बघितली. मग म्हणाला, उज्वलाताई, हे कोणाला पटणार आहे? घड्याळातली चूक म्हणतील, आणि चूक म्हटलं की चाळीस पेट्या गेल्या. त्यातून तो माणूस परत येणार नाही. तो वाईट मुलगा नाही, त्याचे डोळे भरले होते. एरवी तो मला मॅडम म्हणतो.

त्याचं म्हणणं चुकीचं नाही. कोणाला पटणार नाही. मलाच महिनाभर पटलं नव्हतं, आणि मला तर कोंडाजीभाऊंनी स्वतः सांगितलं होतं.

८ जानेवारी, गुरुवार

उपकेंद्रातल्या मशीनमधून त्या अकरा ओळी काढल्या. आता पॅकेट येईल तसं बझरकडे जातं, कोणी धरत नाही.

त्यानंतर पाच करंट आले. पाचही पॅकेटं करंटबरोबरच आली, सेकंदाच्या हजाराव्या भागाचाही फरक नाही. पेट्यांत मी बोट लावलेलं नाही, तोच ड्रायव्हर, तीच कार्डं. आता पॅकेट निघतं आणि मग पोचतं, जगातल्या कुठल्याही पॅकेटसारखं. टेबलावरच्या पेटीसमोर दोन्ही हात मांडीवर ठेवून दुपारभर बसले. ती एकदाही आपणहून वाजली नाही.

मला वाटतं, तिला जेवढं सांगायचं होतं तेवढं तिने सांगून झालं. हे मी कामाच्या वहीत लिहू शकणार नाही.

१२ जानेवारी, सोमवार

तो रकाना चौकशीच्या साहेबांना मेलने पाठवला. खाली लिहिलं की पॅकेट थांबवणाऱ्या ओळी माझ्या आहेत आणि हा बदल मी वायरमनला कळवला नव्हता, कळवायचं कबूल केलेलं असताना. सुयशला आधी सांगितलं. तो खाली जाऊन पावडर कोटिंगवाल्यांशी गप्पा मारत उभा राहिला.

साहेबांचं उत्तर संध्याकाळपर्यंत आलंसुद्धा. पेटीचं घड्याळ त्या दिवशी पुढे होतं असं दिसतं, पुढील पेट्यांमध्ये काळजी घ्यावी, निष्कर्षात फरक पडत नाही. चाळीस पेट्या कायम.

मला शिक्षा हवी होती असं नाही. पण कोणीतरी तो आकडा वाचून थांबेल असं वाटलं होतं.

१६ जानेवारी, शुक्रवार

आज गावात जाऊन आले. दीपक गाडी घेऊन आला, पण घरात आला नाही, म्हणाला हे तुझं तुलाच बोलायचं आहे. यंदा संक्रांत नाही त्यांच्याकडे. ओटीवर नवसाबाई एकट्याच बसल्या होत्या, समोर सूप होतं, त्यात बाजरी होती, पण हात चालत नव्हते. मी कोण ते सांगावं लागलं. मग म्हणाल्या, तीन भाकरी खाल्ल्या त्या तुम्ही. ते घरी येऊन सांगत होते.

त्या रडल्या नाहीत. मीच रडत होते, आणि त्या मला बसायला पाट शोधत होत्या. मग त्यांनी विचारलं. मला वाटलंच होतं की विचारतील, गाडीत मी उत्तराची तयारी करत आले होते. अणुघड्याळ, मीटर, शिक्का, सगळं सोप्या शब्दांत.

"ते लय येळा म्हणायचे, पेटी आधी सांगती. मंग त्या दिवशी का नाय सांगितलं तिनं?"

"सांगितलं होतं," मी म्हटलं. "माझ्यापाशी आलं होतं. मी थांबवून ठेवलं होतं. सदतीस सेकंद."

त्यांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं. राग नव्हता. त्यांना खरंच कळलं नव्हतं.

"म्हंजी किती?"

आयुष्यभर सेकंदाचे दहा लाख तुकडे करत आले आणि सदतीस म्हणजे किती ते मला एका बाईला सांगता येईना. म्हणून मी मोजायला लागले, मोठ्याने, घड्याळाच्या चालीने. एक, दोन, तीन. त्या ऐकत होत्या. नऊला त्यांनी सूप बाजूला सारलं. तेराला गुडघ्यावर हात टेकून उठल्या, सावकाश, पाय धरलेले असावेत. सतराला आत गेल्या. मडक्यावरचं झाकण काढल्याचा आवाज आला, पाणी ओतल्याचा आला, झाकण परत ठेवल्याचा आला. मी मोजत होते. एकोणतीसला त्या तांब्या-भांडं घेऊन बाहेर आल्या, माझ्यापुढे ठेवलं, पदर सावरून पुन्हा होत्या तिथे बसल्या. सूप मांडीवर घेतलं, एक खडा वेचून अंगणात टाकला. सदतीसला मी थांबले.

नवसाबाईंनी खांबांच्या दिशेने बघितलं.

"लय येळ हाय की हा," त्या म्हणाल्या.